पुरस्कार एका नावाला, वाट अनेकांची : ‘जेजुरी’, नोबेल आणि मराठी

जालन्याच्या नावाशी एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जोडलेला आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. १९९८ सालचा ‘जागतिक अन्न पुरस्कार’ बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. १९६४ साली त्यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली होती. शेतीसाठी वेगळे नोबेल नाही, म्हणून नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने १९८६ साली हा पुरस्कार सुरू झाला. आज जालन्याच्या औद्योगिक वसाहतीची ओळख दोन गोष्टींनी होते : भंगार वितळवून सळया करणारे पोलादाचे कारखाने आणि बियाण्यांचा व्यवसाय. यांपैकी दुसऱ्या गोष्टीने या गावाचे नाव जगाच्या व्यासपीठावर नेले.

साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेकडे पाहावे, याला एक कारण आहे. संकरित बियाणे कसे तयार होते, ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कपाशीच्या मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग त्या फुलावर लावायचे, आणि हे हजारो फुलांवर रोज करायचे. संशोधक, बीजोत्पादक शेतकरी, शेतात राबणाऱ्या बाया, गावोगावचे विक्रेते अशी लांब साखळी मागे असते, तेव्हा एक वाण दूरच्या शेतात रुजते. पुरस्काराच्या पत्रावर नाव एकच येते. त्यात अन्याय आहे असे नव्हे. पुरस्कारांची रीतच तशी आहे. साहित्याच्या पुरस्कारांतही ती तशीच आहे. फरक इतकाच, की बियाण्याच्या बाबतीत आपण साखळी विसरत नाही. साहित्याच्या बाबतीत मात्र ती सहज विसरतो.

‘मराठीला नोबेल का नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात, पुरस्कार जाहीर झाला की विचारला जातो. त्याची उत्तरेही ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, आपले साहित्य त्या तोडीचे नाही; कोणी म्हणतो, पाश्चात्त्यांना आपली कदर नाही. पहिल्या उत्तरात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात गाऱ्हाणे आहे. दोहोंत इतिहास नाही. इतिहास पाहायचा तर मराठीच्या अगदी जवळ आलेल्या एका पुरस्काराकडे पाहावे लागते : १९७७ साली अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला मिळालेल्या कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझकडे. पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

मुंबईत जन्मलेला आणि मुंबईत आलेला

महाराष्ट्राच्या भूमीवर जन्मलेला नोबेल विजेता लेखक आहे, आणि तो आपला नाही. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग सर जे. जे. कलाशाळेत शिकवीत. १९०७ साली किपलिंग यांना नोबेल मिळाले; इंग्रजीत लिहिणारे ते पहिले विजेते. पुढे त्याच जे. जे. मध्ये कोल्हापुराहून आलेला एक तरुण चित्रकला शिकला. त्याचे नाव अरुण कोलटकर. एका आवाराशी नाते असलेले हे दोन लेखक. पण एकाच्या मागे साम्राज्याची भाषा जन्मापासून उभी होती, दुसऱ्याने ती मराठीच्या शेजारी बसवून घेतली.

रवींद्रनाथ टागोरांचे उदाहरण अधिक बोलके आहे. नोबेलच्या पस्तीस वर्षे आधी, १८७८ साली, विलायतेला जाण्यापूर्वी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते. इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी, हा त्या मुक्कामाचा हेतू होता, आणि ते काम आत्माराम पांडुरंगांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडे आले. थोरले बंधू सत्येंद्रनाथ सनदी नोकरीत मुंबई इलाख्यात होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी वंशाच्या बंगाली लेखकाच्या निमित्ताने १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. म्हणजे बंगाली आणि मराठी यांच्यातली देवघेव तेव्हा चालू होती, आणि तिच्यासाठी लंडनला जावे लागत नव्हते.

नोबेलसाठी मात्र लंडनला जावे लागले. इंग्रजी ‘गीतांजली’ १९१२ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने काढली, ती अवघ्या ७५० प्रतींची. तिच्यात १०३ कविता आहेत, आणि बंगाली ‘गीतांजली’तून घेतलेल्या त्यांत जेमतेम निम्म्या, बाकीच्या कवीच्या इतर संग्रहांतून आल्या. अनुवाद स्वतः कवीचा आणि गद्यात. प्रस्तावना डब्ल्यू. बी. येट्स यांची. मग मॅकमिलनने पुस्तक घेतले, थॉमस स्टर्ज मूर यांनी नाव सुचवले आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये पुरस्कार जाहीर झाला. समितीने दिलेले कारण आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. आपला काव्यविचार कवीने स्वतःच्या इंग्रजी शब्दांत मांडून तो पश्चिमेच्या साहित्याचा भाग केला, असा त्याचा आशय आहे. पुरस्कार बंगाली कवीला मिळाला. पण ज्या पुस्तकासाठी मिळाला, ते बंगालीत नव्हते.

यात रवींद्रनाथांचे उणे नाही. त्यांची बंगाली कविता त्या इंग्रजी गद्याहून किती मोठी आहे, हे बंगाली वाचक जाणतात. आणि वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात गेलेल्या पु. ल. देशपांड्यांनी ते मराठी वाचकांना आपल्या परीने सांगितले. सांगायचे आहे ते एवढेच : आंतरराष्ट्रीय पुरस्कार भाषेला मिळत नाही. परीक्षकाच्या टेबलावर जे पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात पोचते, त्याला तो मिळतो.

१९७७ : नवोदित ठरलेला जुना कवी

कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ १९७२ साली सुरू झाले. पहिल्या वर्षीच्या दोन विजेत्यांपैकी एक चिनुआ अचेबे होते, यावरून त्याचे वजन कळावे. त्या काळातली त्याची मुख्य अट अशी की, ब्रिटनबाहेरच्या राष्ट्रकुल देशातल्या लेखकाचा तो इंग्रजीतला पहिला कवितासंग्रह असावा. म्हणजे हा एका अर्थी नवोदितांचा पुरस्कार होता.

१९७७ साली हा ‘नवोदित’ कवी कोण होता? १९५४ च्या सुमारास ‘शब्द’ या अनियतकालिकापासून मराठीत लिहिणारा. साठच्या दशकात मराठी कवितेची बोली, तिची प्रतिमासृष्टी आणि तिचा सभ्यपणा या तिन्हींना धक्का देणारा. जाहिरातीच्या व्यवसायात नाव कमावलेला चित्रकार. तुकाराम, जनाबाई, मुक्ताबाई इंग्रजीत नेणारा अनुवादक. वीस वर्षांहून अधिक काळ कविता लिहिणाऱ्या माणसाला पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार मिळाला, कारण मोजणाऱ्याच्या वहीत मराठीचे पान नव्हते. गंमत अशी की, मराठीतही त्यांचे पुस्तक तोवर नव्हते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा पहिला मराठी संग्रह निघाला तो १९७७ सालीच. दोन भाषांत दोन ‘पहिली’ पुस्तके, जवळजवळ एकाच वेळी. एकाची दखल राष्ट्रकुलाने घेतली, दुसऱ्याची मराठीने.

‘जेजुरी’च्या मागची साखळीही पाहण्यासारखी आहे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात कोलटकर आपला भाऊ मकरंद आणि कवी मनोहर ओक यांच्याबरोबर जेजुरीला गेले होते. एकतीस कवितांची ही मालिका प्रथम १९७४ साली मुंबईतल्या ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’ या त्रैमासिकात छापली गेली. पुस्तक झाले ते १९७६ मध्ये, ‘क्लिअरिंग हाउस’तर्फे. क्लिअरिंग हाउस ही बडी प्रकाशनसंस्था नव्हती. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि स्वतः कोलटकर अशा चार कवींनी आपापली पुस्तके काढण्यासाठी ती उभी केली होती. कोणी आपल्याला छापील याची वाट न पाहता कवींनी एकमेकांना छापले. मांडणी आणि मुखपृष्ठे कोलटकरांसारख्या जाणकाराच्या हातची. पुरस्कार आला तो या कामानंतर. आज ते पारितोषिक बंद पडून कित्येक वर्षे झाली. ‘जेजुरी’ मात्र वाचली जाते. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये अमित चौधुरी यांच्या प्रस्तावनेसह तिची नवी आवृत्ती निघाली, आणि २०१० मध्ये मेहरोत्रांनी संपादित केलेला कोलटकरांच्या समग्र इंग्रजी कवितांचा ग्रंथ ब्रिटनमध्ये आला. पुस्तक टिकले ते मित्रांनी, संपादकांनी आणि प्रकाशकांनी ते पुन्हा पुन्हा हाती घेतले म्हणून.

नेमाड्यांचा आक्षेप

पुरस्काराने मराठीत आनंद झाला, तसा प्रश्नही उभा राहिला. त्याचा सर्वांत धारदार उच्चार भालचंद्र नेमाडे यांनी १९८५ साली ‘न्यू क्वेस्ट’मधल्या इंग्रजीलेखनविरोधी निबंधात केला. नेमाडे यांनी इंग्रजी शिकवले ते बराच काळ औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर), म्हणजे आपल्याच विद्यापीठात. त्यामुळे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना हा वाद परका वाटू नये. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : सुट्टीच्या दिवशी मुंबईहून फिरायला आलेल्या माणसासारखा कोलटकरांचा निवेदक जेजुरीला येतो आणि जातो, लोकांच्या श्रद्धेशी त्याचे देणेघेणे नाही, आणि इंग्रजीत लिहिल्यामुळे ही उपरी नजर परक्या वाचकाला सोयीची ठरते.

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. खंडोबा हे महाराष्ट्रातल्या अगणित घरांचे कुलदैवत आहे. लग्नानंतर जागरण-गोंधळ घातल्याशिवाय ज्यांच्या घरात नवी सून रुळली असे मानत नाहीत, त्यांना जेजुरी म्हणजे नुसते अवशेषांचे गाव नव्हे. आपल्याकडे जेजुरीला जाणे जमले नाही तर संभाजीनगरजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला जातात, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जातात. अशा वाचकाला पडके देऊळ, पैशांमागे लागलेली म्हातारी आणि मूर्ती की धोंडा हा संभ्रम एवढेच दाखवले, तर तो विचारणारच की, भंडारा कुठे आहे?

तरीही कविता सलग वाचल्यावर नेमाड्यांचा प्रश्न योग्य आणि निकाल घाईचा वाटतो. पहिल्याच कवितेत एस.टी.च्या प्रवासात निवेदकाला समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत आपलाच चेहरा दिसतो, आणि त्या म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या गंधापलीकडे आपण पोचत नाही हे कवी नोंदवून ठेवतो. उपरेपणा हा कवीच्या नकळत शिरलेला दोष नाही. कवितेने मांडलेला तो विषय आहे. पन्नास पैशांसाठी बाही धरणाऱ्या म्हातारीच्या कवितेत शेवटी भग्न कोण होते आणि तिच्या हातातल्या चिल्लर नाण्याइतके लहान कोण होते, हे पाहिले की उपहास कोणावर आहे ते कळते. वाघ्या आणि मुरळी यांची गाणी म्हणून ज्या कविता या मालिकेत आहेत, त्यांतल्या इंग्रजीच्या खाली जागरणाचा ठेका आहे. लंडनच्या परीक्षकाने त्या गाणी म्हणून वाचल्या असतील. मराठी कानाला त्यांत दिमडी ऐकू येते. हा जादा ऐकू येणारा भाग पुरस्काराच्या हिशेबात कधीच नव्हता. तो आपल्याकडे आहे आणि त्याचा हिशेब आपणच मांडायचा आहे.

कोलटकरांनी ‘जेजुरी’ मराठीतही लिहिली होती. ती त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली. इंग्रजी शब्दशः मराठीत उतरवलेले हे पुस्तक नाही. दोन भाषांत दोन वेगळ्या पायवाटांनी तोच डोंगर चढला आहे. नेमाडे-कोलटकर वादाची फेरतपासणी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून व्हायला हवी. आपल्या महाविद्यालयांत मात्र इंग्रजी विभागात कोलटकर ‘भारतीय इंग्रजी कवी’ म्हणून शिकवले जातात, मराठी विभागात ‘साठोत्तरी कवी’ म्हणून. दोन्ही विभाग बहुधा एकाच मजल्यावर असतात.

आत येणारी वाट रुंद, बाहेर जाणारी अरुंद

मराठीने बाहेरचे आणण्यात कधी कंजुषी केली नाही. हेमिंग्वे यांना १९५४ साली नोबेल मिळाले. त्यांच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा पु. लं.नी ‘एका कोळियाने’ म्हणून आणली. १९२५ चे विजेते शॉ ‘ती फुलराणी’तून मराठी रंगभूमीवर घरचे झाले. नोबेल न मिळालेले शरच्चंद्र मामा वरेरकरांमुळे मराठी घराघरांत पोचले. आणणाऱ्यांची ही परंपरा अभिमानाची आहे.

नेणाऱ्यांचा इतिहास वेगळा आहे. ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिचा राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये आला, हा सुखद अपवाद. ‘कोसला’ १९६३ ची; सुधाकर मराठे यांचा अनुवाद १९९७ चा, म्हणजे चौतीस वर्षांनी. ‘उपरा’ १९८० चे, इंग्रजीत १९९७ मध्ये. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१५ चा, सदतीस वर्षांनी. ज्या पुस्तकांनी मराठी गद्याची दिशा बदलली, ती जगासमोर दीड-दोन पिढ्या उशिरा गेली. लेखक तोवर वृद्ध झाले किंवा राहिले नाहीत.

या उशिराचा एक परिणाम नामदेव ढसाळांच्या बाबतीत दिसतो. ‘गोलपिठा’ १९७२ चा. व्ही. एस. नायपॉल यांना २००१ साली नोबेल मिळाले. त्यांच्या १९९० सालच्या भारतविषयक पुस्तकात ढसाळ आणि मलिका अमर शेख ही माणसे भेटतात. ढसाळांच्या निवडक कवितांचे, दिलीप चित्रे यांनी अनुवादिलेले इंग्रजी पुस्तक निघाले २००७ मध्ये. म्हणजे जगातल्या कितीतरी वाचकांना मराठीतला हा थोर कवी आधी दुसऱ्याच्या पुस्तकातले पात्र म्हणून माहीत झाला आणि कवी म्हणून नंतर. भाषेची बाहेर जाणारी वाट अरुंद असली की असे होते : आपले कवी इतरांचे विषय होतात.

चित्रे यांचे नाव येथे थांबून घ्यायला हवे. तुकोबांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९१ साली आला. त्यामागे कित्येक वर्षांचे काम होते. माया पंडित यांनी बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची आत्मकथने इंग्रजीत नेली. पवारांचे ‘आयदान’ अमेरिकेतल्या विद्यापीठ प्रकाशनापर्यंत गेले. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या १९९२ च्या इंग्रजी संकलनाने मराठी दलित साहित्य भारतभरच्या वर्गांत नेले. ही नावे आपल्या वाङ्मयेतिहासात तळटिपांत असतात.

आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराने २०१६ पासून हा हिशेब बदलला. एकाच पुस्तकाला मिळणारे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी ‘रेत समाधि’ला तो मिळाला, डेझी रॉकवेल यांच्यासह; २०२५ मध्ये कन्नड कथाकार बानू मुश्ताक यांना, दीपा भास्ती यांच्यासह. मूळ हिंदी कादंबरी २०१८ ची. चार वर्षांत ती पुरस्कारापर्यंत पोचली. दोन्ही पुस्तके ब्रिटनमधल्या लहान, अनुवादाला वाहिलेल्या प्रकाशकांनी काढली होती. पुस्तक ब्रिटन वा आयर्लंडमध्ये प्रकाशित असावे, अशी या पुरस्काराची अटच आहे. कन्नड आपली शेजारीण. तिच्यात असे काय आहे जे मराठीत नाही, हा प्रश्न चुकीचा आहे. तिला त्या वेळी एक जाणती अनुवादक आणि एक धाडसी प्रकाशक मिळाला, हे उत्तर साधे आणि पुरेसे आहे.

पुरस्कारानंतर

१९७७ नंतर कोलटकरांनी काय केले? सव्वीस वर्षे त्यांनी नवे मोठे पुस्तक काढले नाही. जाहिरातीचे काम केले, काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये मित्रांबरोबर बसले, लिहीत राहिले आणि वह्या साठवत राहिले. मग २००३ च्या सुमारास अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’कडून ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ आणि ‘भिजकी वही’ आली, पाठोपाठ २००४ मध्ये दोन इंग्रजी संग्रह. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००५ चा, मरणोत्तर. जगभरच्या स्त्रियांच्या अश्रूंची ती वही मराठीत लिहिली गेली. तिचे मोल जाणण्यासाठी कोणत्याही परदेशी समितीची गरज नाही. पण ती दुसऱ्या भाषेत पोचावी यासाठी कोणीतरी वर्षे घालवण्याची गरज निश्चित आहे.

साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना यातून एक काम दिसते. एम.ए.च्या वर्गात ‘जेजुरी’ शिकवताना मराठी ‘जेजुरी’ सोबत उघडावी. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय शोधताना आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कथाकाराच्या पाच कथांचा अनुवाद करून पाहावा आणि त्याच्या अडचणींवर लिहावे. मराठी विभागाने वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात अनुवादकांना एक स्वतंत्र प्रकरण द्यावे. यातून पुरस्कार येईलच असे नाही. बारवाले यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात केली, तेव्हा जागतिक अन्न पुरस्कार अस्तित्वातही नव्हता. पेरणी तेव्हाही हंगाम पाहूनच करायची होती.